उलटी विहीर

आप्पांकडे पहिल्यांदा आलेल्या माणसाला ते 'बसा' म्हणत नसत. हाताला धरून भिंतीपुढे उभं करत. माणूस कुठून आला, किती चालला, त्याला भूक लागली आहे का, हे सगळं मागाहून. आधी भिंत.

मला हे ठाऊक नव्हतं. कुंडलहून निघून, गाड्या बदलत, शेवटचा पल्ला बैलगाडीत आदळत मी जतकडच्या त्या वाडीत पोचले, तेव्हा तोंडात धूळ, डोक्यात राग आणि मांडीवर तुळशीचं रोप होतं. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. आमच्या मास्तरांची त्या वाडीच्या शाळेवर बदली झाली होती आणि त्यांनी पुढे येऊन जागा बघून ठेवली होती. "दगडी घर आहे, मळ्यात आहे, मालक भला माणूस आहे," एवढं त्यांनी सांगितलं होतं. पाण्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. नवरा जे सांगत नाही तेच आधी विचारायचं असतं, हे मला तोवर कळलेलं नव्हतं.

आमच्या कुंडलला मळा म्हटला की ऊस, पाट, बांधावर नारळ. इथे मळा म्हणजे उघडा माळ, चार बाभळी आणि मधोमध ते घर. काळंभोर, ठेंगणं, चौकोनी. गाडीतून उतरले तर समोर एक उंच, काटकुळा म्हातारा. डोक्याला पटका, कमरेला करदोड्यात खोचलेली छिन्नी. मी नमस्काराला वाकायच्या आत त्यांनी मला भिंतीसमोर नेलं.

"या मास्तरीणबाई. ह्यो खालचा थर बघा. तांबूस हाय न्हवं? ह्यो माझ्या बापानं काढला. त्येच्यावर पिवळट, ह्येला मांजऱ्या म्हन्त्यात, मऊ असतोय. मग काळा. आन त्यो वरचा बघा, निळसर. लोखंड हाय, लोखंड!"

"आप्पा, आधी घोटभर पाणी मिळेल का?" मी म्हणाले.

त्यांचा हात भिंतीवर होता तिथेच थांबला. आतून एक बाई बाहेर आल्या, तांब्या घेऊन. तांब्या अर्धाच भरलेला होता.

"हळू पी गं बाई," त्या म्हणाल्या. "सांडू नगंस."

या अव्वा, आप्पांच्या मालकीणबाई. माहेर पलीकडच्या कानडी मुलखातलं, म्हणून सगळी वाडी त्यांना अव्वा म्हणे. त्या दिवशी मला पाणी देताना त्या तांब्याकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. मला तेव्हा ते फार लागलं. महिन्याभरात मीसुद्धा पाहुण्याला पाणी देताना तांब्याकडेच बघायला लागले.

हे घर समजायचं तर आधी त्याच्या मागचा खड्डा बघायला हवा. आप्पांच्या वडलांनी तरुणपणी विहीर खणायला घेतली होती. माती संपली, मुरूम लागला, मग मऊ दगड लागला. पाणी लागलं नाही. निघालेल्या दगडाचं काय करायचं, म्हणून त्यांनी तो घडवून घराचं जोतं बांधलं. त्या भागात शेतकऱ्याला उसंत मिळते ती उन्हाळ्यातच. त्यामुळे दर उन्हाळ्यात विहीर थोडी खाली जाई आणि घर थोडं वर येई. वडील गेले तेव्हा भिंत कमरेला लागत होती. पुढची आप्पांनी चढवली. अव्वा लग्न होऊन आल्या तेव्हा ती खांद्याएवढी होती आणि वर कडब्याचं छप्पर होतं. वर माळवद, म्हणजे तुळयांवर पांढऱ्या मातीचं सपाट छत, घालून होईपर्यंत त्यांचा मुलगा चालायला लागला होता.

"घर म्हंजी उलटी हीर," आप्पा म्हणत. विहिरीला तिकडे हीरच म्हणतात. "हीर पालथी घाटली की घर हुतंय."

बोलण्याआधी ते बोटाच्या पेराने शेजारचा दगड वाजवत. शेजारी दगड नसला तर काठी वाजवत, काठी नसली तर समोरच्याचा गुडघा. मास्तरांचा गुडघा बऱ्याचदा वाजला आहे. मग एखादं वाक्य येई. "दगडाला घाई न्हाई" हे त्यांचं लाडकं. जेवायला बोलावलं तरी हेच, बैल अडला तरी हेच. अव्वा म्हणायच्या, "दगडाला न्हाई, पर भाकरीला हाय. गार व्हाय लागलीया."

घरात एक दोष होता, आणि तो मास्तरांसारख्या माणसाच्यासुद्धा ध्यानात आला. मऊ दगड तळाला आणि लोखंडासारखा कडक दगड माथ्यावर. कुणीही शहाणा उलट करील. भिंत अंगाने इतकी जाड होती की खिडकीच्या कोनाड्यात मी पाय वर घेऊन बसत असे, म्हणूनच ती उभी होती. पण खालच्या थराचे पापुद्रे सुटत. दर दिवाळीला तिथे नवं लिंपण करावं लागे. भिंत चढत होती तेव्हा हाताखालच्या वडाराने आप्पांना सांगून पाहिलं होतं. मऊ दगड बाजूला टाका, कडक निघेपर्यंत थांबा, नाहीतर निदान मिसळून लावा. आप्पांनी ऐकलं नाही. मी एकदा कारण विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी जेवायच्या पंगतीत चपला घालून आले आहे.

"जो आदी आला त्यो खाली. वडीलधारं खाली उभं ऱ्हातंय आन लेकराला खांद्यावर घेतंय. बापाचा दगूड काडून माझा खाली घालू व्हय? उद्या लोक काय म्हन्तील?"

"लोक म्हणतील, म्हाताऱ्याला अक्कल आहे," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. माझ्याशी दोन दिवस बोललेही नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या कोनाड्यात चार हरभऱ्याचे डहाळे ठेवलेले दिसले, म्हणजे राग गेला.

मात्र घर उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार, हे खरंच. दार एवढं बुटकं की आत येणाऱ्याने मान वाकवायलाच हवी. दाराला आतून लाकडी अडणा. तो दिवसा भिंतीच्या पोटात सरकवून ठेवायचा, संध्याकाळी ओढून दार बंद करायचं. भिंतीतच ज्वारी साठवायची पोकळी, बळद. छताला उजेडासाठी ठेवलेलं गोल भोक होतं, त्याला सवणं म्हणत. दुपारी त्यातून उन्हाचा कवडसा पडे आणि हळूहळू सरकत चुलीपर्यंत जाई. अव्वा कवडशावरून दुपारचा स्वयंपाक उरकत. चुलीमागची भिंत धुराने इतकी काळी झाली होती की तिला हात लावला तर बोट काजळ लावल्यासारखं होई. त्यातला एक दगड चुलीच्या वर, डोक्याएवढ्या उंचीवर, थोडा पुढे आलेला होता. त्यावर अव्वा मिठाचं गाडगं ठेवत. आमच्या खोलीत भिंतीत छातीच्या उंचीवर एक लोखंडी कडी बसवलेली होती. पुढे माझ्या मुलीचा पाळणा त्याच कडीला बांधला.

मागे विहिरीचा थाट तर विचारूच नका. पाणी नव्हतं, पण बाकी सगळं होतं! मोटेचं चाक बसवलेलं, बैलांनी चालायची उतरती धाव तयार, मोट जिथे रिकामी होते ते थारोळं घडीव दगडाचं, त्यातून निघणारा पाट पार शेताच्या टोकापर्यंत. थारोळ्यात अव्वांच्या कोंबड्या अंडी घालत. आणि काठावर एक पोहरा टांगलेला. त्याचा दोर आप्पा दर पाडव्याला नवा लावत. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असं लोक म्हणतात. इथे दोन पिढ्या आधी खणायला घेतली होती, तरी तहान पुढेच होती.

विहीर कोरडी आहे असं त्यांना म्हटलेलं चालत नसे. "आजून आली न्हाई" म्हणायचं. सासरी गेलेली लेक सणाला यायची असावी, तशी.

पाणी आणायचं ते ओढ्यातल्या झिऱ्यातून. वाळूत खड्डा करायचा, बसायचं, पाणी झिरपेल तसं वाटीने घागरीत भरायचं. अव्वा आणि मी बरोबर जायचो. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर, पायाखाली तापलेली वाट. अव्वांच्या टाळूवरचे केस चुंबळीने कधीच गेलेले होते. त्या फार बोलत नसत. पण एकदा, झिऱ्याशी बसलेलो असताना, मी घराचं कौतुक करत होते तेव्हा म्हणाल्या, "घर बगाय पावनं येत्यात. बगून झालं की पानी मागत्यात. भित दावनारा त्यो, पानी आननारी मी. मी त्या भितीकडं कवा मान वर करून बगितलं न्हाई. डोक्यावर घागर असली की मान वर हुतीया व्हय?"

मी वाटीने पाणी भरत राहिले.

अव्वांना एकच गोष्ट हवी होती. मुलाचं लग्न. मुलगा पलटणीत होता, लढाई चालू होती. रजेवर आला की बूट वाजवत यायचा आणि बापाबरोबर त्याच दिवशी विहिरीत उतरायचा. दिसायला उमदा, स्वभावाने गरीब. पण जिथे पाणी नाही त्या गावात पोरगी द्यायची नाही, हा आमच्या नदीकाठच्या लोकांचा नेम. स्थळं येत, दगडी घर बघून खूश होत, मग मागे विहिरीकडे जात, आणि पुन्हा येत नसत. आणि अव्वा उघडच म्हणत, "सून आली की माज्या डोक्यावरची घागर तिच्या डोक्यावर जानार. कुनाच्या लेकीला असं कसं आणू? आन न्हाई आणली, तर ह्ये घर कुनासाटी बांदलं?"

मला चैन पडेना. मी माझ्या भावकीतल्या एका नानांना कुंडलहून बोलावलं. त्यांची मुलगी लग्नाची होती, आणि मला वाटलं, माझ्या शब्दावर तरी होईल. नाना आले. सवयीप्रमाणे आप्पांनी त्यांना भिंतीपुढे उभं केलं आणि खालपासून वरपर्यंत सगळी भिंत ऐकवली. नानांनी ऐकून घेतली. मग मिशीला पीळ देत सरळ मागे गेले, वाकून बघितलं, खालचा एक दगड उचलला आणि विहिरीत सोडला.

टण्.

"आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठनं यायचं?" नाना म्हणाले. "घर लय झ्याक हाय, पावनं. पर माझी पोरगी काय दगूड पिल?"

जेवण तयार होतं. पुरणपोळी होती. नाना जेवले, बोलले, हसले आणि गेले. संध्याकाळी आप्पा विहिरीत उतरले, नानांनी टाकलेला दगड शोधून वर आणला आणि जोत्याशी ठेवला. पाहुण्याचा दगडही त्यांनी वाया घालवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून हा माणूस रोज खाली जाऊ लागला. आतापर्यंतचं खणणं उन्हाळ्याचं होतं, आता तिन्ही त्रिकाळ. पण तळाला निळा दगड लागलेला, आणि सुरुंगाची दारू मिळेना. चळवळीचे दिवस होते. कुठे तारा तुटत, कुठे रूळ उखडत. दारू म्हटलं की फौजदाराचे कान उभे राहत. आप्पा परवाना मागायला गेले, तर परवाना राहिला बाजूला, चार दिवसांनी फौजदारच घोड्यावरून घराशी आला. रोज विहिरीत उतरणारा म्हातारा, विहिरीत पाणी नाही, मुलगा पलटणीतला. त्याला वाटलं, खाली हत्यारं दडवली असतील. आप्पांना काय, नवा माणूस मिळाला. त्यांनी फौजदाराला दंडाला धरलं आणि भिंतीपुढे उभं केलं. शिपाई बघतच राहिले.

"सायेब, आदी ह्ये बगा. ह्यो थर माझ्या बापाचा."

फौजदार बिचारा उन्हात उभा राहून बापाचा थर, आप्पांचा थर, मांजऱ्या, काळा, निळा सगळं ऐकून घेत होता. शेवटी त्याने पटका काढून घाम पुसला आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, तुझ्याकडं हत्यार न्हाई, खात्री पटली. असतं तर तू त्येचीबी गोष्ट सांगितली असतीस." दारू मात्र दिली नाही.

मग आप्पांनी जुनी रीत काढली. दगडाला ओळीने भोकं पाडायची, त्यात वाळलेल्या लाकडाच्या पाचरी ठोकायच्या आणि पाचरींवर पाणी ओतायचं. लाकूड फुगतं आणि दगड फोडतं. छान. पण पाणी?

आप्पा चुलीपाशी येऊन उभे राहिले. "एक घागर पायजे," म्हणाले.

अव्वा भाकरी थापत होत्या. हात थांबला. एवढ्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला तेव्हाच ऐकला. "पानी काडायला पानी? जलम गेला माजा वाहून, आन आता त्या दगडाला पाजू? त्यो तरी प्याला की ढेकर दिल. तुमच्या हिरीनं आजपातुर काय दिलं?"

"घर दिलं की," आप्पा म्हणाले.

"घर कुनी मागितलं हुतं?"

हे वाक्य ऐकून मला एकदम रडू आलं. मी आत गेले, माझ्या अंघोळीचं राखलेलं पाणी होतं ते उचलून आणलं आणि आप्पांच्या पुढे ठेवलं. मास्तर शाळेतून आले, त्यांनी दाढीचं पाणी दिलं. दाढी तशीच वाढली. अव्वांनी परातीतलं पीठ संपवलं. मग उठल्या, त्या दिवशीची भरलेली घागर कमरेवर घेतली आणि स्वतः पायऱ्या उतरून खाली गेल्या. पाचरींवर पाणी त्यांनी स्वतःच्या हाताने घातलं. एक थेंब इकडे तिकडे जाऊ दिला नाही.

सकाळी दगडाला केसाएवढी चीर गेलेली होती.

मग हाच उद्योग. पाचरी, पाणी, चीर, पहार. घरात आम्ही तोंडं ओल्या फडक्याने पुसायचो. आणि चैत्र सरता सरता एक दिवस आप्पा वर आले ते काही न बोलता. दगड वाजवला नाही, गुडघा वाजवला नाही. तळहात उलगडून अव्वांपुढे धरला. हाताला चिखल लागलेला होता.

"आली," म्हणाले.

अव्वांनी त्या चिखलाला बोट लावलं आणि ते बोट कपाळाला टेकलं. महिन्याभरात विहिरीत पुरुषभर पाणी झालं. त्याआधीच आप्पांनी मला खाली नेऊन झरा दाखवला होता. निळ्या दगडाच्या फटीतून करंगळीएवढी धार येत होती. मी आयुष्यात कृष्णेचा पूर बघितलेला, पण त्या धारेपुढे मी हात जोडले.

गोष्ट इथे संपती तर बरं झालं असतं. पण विहिरीचा वरचा भाग मातीचा आणि मुरमाचा होता आणि बांधून काढलेला नव्हता. कोरड्या खड्ड्याचे काठ किती वर्षं उभे राहिले, कारण तिकडे पाऊसच बेताचा. आता खालून ओल चढली, वरून पाऊस लागला, आणि श्रावणात एक बाजू धाडकन खाली आली. चाक गेलं, थारोळं अर्धं गेलं. झरा चिखलाखाली दबला, पण वाहता होता. खाली गढूळ पाणी दिसत होतं.

बांधून काढायला घडीव दगड हवा. माळावरचे गोटे मातीत ठरत नाहीत. नवा दगड फोडायला दारू नाही, वडार सगळे लष्करी छावण्यांच्या कामाला गेलेले. आणि तिकडचा खरा पाऊस हस्ताचा. तो आला की उरलेल्या तिन्ही बाजू जाणार आणि विहीर बुजणार, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. वाडीतली माणसं जमली. पुढच्या साली बघू, परत उपसू, असं जो तो म्हणाला.

"पुडच्या साली उपसाय मी कुटं असंन?" आप्पा म्हणाले.

मुलगा लढाई संपून घरी आला होता. तोही काठावर उभा होता. आप्पा मागे वळले आणि त्यांनी घराकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग जवळ गेले, भिंतीवर पेर वाजवलं.

"शिडी आन," मुलाला म्हणाले.

मुलगा समजला आणि गडबडला. "बा, येडं का काय तुमी? दोन पिढ्यांचं घर हाय. घर पाडल्यावर मला पोरगी कोन दिल?"

"घर बगून आजपातुर कुनी दिली?"

त्यांनी अव्वांकडे बघितलं. मला वाटलं, अव्वा आता तरी आनंदतील, या भिंतीवर त्यांचा किती राग! पण त्या पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मग आत जाऊन त्यांनी चुलीतला विस्तव कुंभात भरला, मिठाचं गाडगं उचललं आणि बाहेर येऊन बाभळीखाली तीन दगड मांडले. हेच त्यांचं उत्तर.

माळवदाची माती उतरवली, तुळया काढल्या. आम्ही गोठ्यात राहायला गेलो. माझी मुलगी तान्ही होती, तिला गव्हाणीत निजवत असे. वाडीतले चार गडी आपणहून आले, मास्तरांनीही शाळा सुटल्यावर पहार घेतली. आप्पा शिडीवर उभे राहून प्रत्येक दगड हाताने सोडवत. फेकू देत नसत. डोळ्याला पाणी यायचं ते धुळीने, असं सांगत. मीही रडत होते, आणि धूळ माझ्यापर्यंत येत नव्हती.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी ते शिडीवर एकाएकी थांबले आणि तिथूनच ओरडले, "मास्तरीणबाई! बगा, बगा! वरचा दगूड आदी उतरतोय. त्योच आदी खाली जातोय. निळा तळाला, मग काळा. जसा निगाला तसा माघारी चाललाय की!"

खरंच तसं होतं. भिंत वरून उतरत होती आणि विहीर खालून चढत होती. मुरूम संपून खडक सुरू होत होता तिथून बांधायला सुरुवात केली, लोखंडासारखा दगड सगळ्यांच्या खाली बसला. घरात जे उलटं लागलं होतं, ते विहिरीत सुलटं लागलं. मऊ दगडाची गरज पडली नाही. वडलांचे थर जागेवरच राहिले, जोतं आणि त्यावर कमरेएवढी भिंत. आप्पांनी बापाचा एक दगड हलवला नाही. त्याच भिंतीवर पुढे कुडाच्या भिंती उभ्या केल्या, जुन्याच तुळया टाकल्या आणि कडब्याचं छप्पर घातलं. अव्वा ज्या घरात लग्न होऊन आल्या होत्या, जवळजवळ तेच घर परत आलं.

हस्त आला. रपरप कोसळला. आम्ही सगळे छपराखाली बसून कान मागे लावून होतो. धाडकन आवाज आला नाही.

दिवाळी झाल्यावर मी नानांना पुन्हा निरोप पाठवला. यावेळी ते मुलीच्या आईलाही घेऊन आले. गाडीतून उतरले आणि बघतच राहिले. माळ तोच, बाभळी त्याच, आणि मधोमध कुडाचं छप्पर.

"आवं, ते दगडी घर कुटं गेलं?" नाना म्हणाले.

आप्पांनी त्यांचा हात धरला. भिंतीपुढे उभं करायची सवय, ती कुठे जाते? पण आता मागे नेलं, काठाशी.

"वाका," म्हणाले. "हितं हाय. तळाला निळा. त्येच्यावर काळा. त्यो कडीचा दगूड दिसतोय न्हवं, त्येला मास्तरांच्या लेकीचा पाळणा हुता."

मीही वाकले. माझी कडी तिथे होती. खाली उतरायचा दोर तिला बांधलेला होता. त्याखाली पाणी, बांधकामाला येऊन टेकलेलं, स्वच्छ, आमची सगळ्यांची डोकी दाखवणारं. नाना काही वेळ बघत राहिले. मग सवयीने त्यांचा हात खाली गेला आणि त्यांनी एक दगड उचलला.

आप्पांनी मनगट धरलं. "आता दगूड नगं, पावनं. त्यात लय दगूड घाटल्यात. पोहरा सोडा."

नानांनी पोहरा सोडला. भरून ओढला, ओंजळीने प्याले, तोंडावर मारलं, मिशी पुसली. आणि बायकोकडे न बघताच म्हणाले, "लग्नाची तीथ कवाची धरायची?"

आप्पा अव्वांकडे बघत होते. त्या घराकडे जन्मात कधी मान वर करून न बघितलेल्या अव्वा काठावर दोन्ही हात टेकून, मान खाली घालून काहीतरी शोधत होत्या.

"अव्वा, तीथ विचारतायत," मी म्हणाले.

"थांब. माजी चूल बगू दे."

मग मलाही ती दिसली. पाण्याला अगदी लागून धुराने काळा पडलेला एक दगड, थोडा पुढे आलेला, मिठाच्या गाडग्याचा. त्याच्यावर पाणी हलत होतं.

"दिसली का?" आप्पांनी विचारलं.

"दिसली," अव्वा म्हणाल्या. "लय वरीस तापलीया बिचारी. आता निवू द्या तिला."